बोर्ड बदललाच नव्हता, आकडा बदलला होता

घरच्या सर्व्हरवर आमचे सगळे फोटो आणि बॅकअप आहेत. म्हणून डॅशबोर्डवर रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचं तापमान ६२ अंश आणि खाली 'ऑक्सटिन' नावाच्या कुठल्याशा सेन्सरसमोर १२७ अंश दिसले, तेव्हा पोटात गोळा आला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने १२७ वर बोट ठेवलं, "सर, सेन्सर गेलाय, मदरबोर्ड आतून भाजतोय. बदलावाच लागेल." मी पेटीला हातही लावून बघितला नाही. लावला असता तर ती गार होती हे कळलं असतं.

तीन दिवसांनी मशीन परत आलं. ६२ च्या जागी ४२, आणि १२७ ची ओळच गायब. नव्या बोर्डाचे पैसे, वर मजुरी, सगळं खुशीने दिलं. बिल मागितलं नाही; हा गाढवपणा माझाच.

काही महिन्यांनी नव्या डिस्कवर (एसएसडी) लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकली आणि ६२ व १२७ दोघेही हजर! आता मात्र डोकं चालवलं. प्रोसेसर पूर्ण ताकदीने पळवला, तरी १२७ अर्ध्या अंशानेही हलेना. खरं तापमान असं गोठून बसत नाही. बोर्डावरच्या, तापमान वगैरे मोजणाऱ्या मॉनिटरिंग चिपला सेन्सर जोडायला बरेच पाय (पिना) असतात, पण बोर्ड बनवणारे सगळ्यांना सेन्सर जोडत नाहीत. मोकळ्या पायावर असलेच आकडे येतात, कधी १२७, कधी शून्याखालचे.

आणि ६२? माझा प्रोसेसर रायझन ७ १७००एक्स. त्याचं 'टीसीटीएल' हे वाचन खऱ्या तापमानापेक्षा मुद्दामच २० अंश जास्त ठेवलेलं असतं, वेगवेगळ्या मॉडेलवर पंखे एकाच हिशोबाने फिरावेत म्हणून. कंपनीने हे २०१७ सालीच जाहीर केलेलं. टर्मिनलवर 'सेन्सर्स' कमांड दिली, तर खालच्याच ओळीत 'टीडाय', म्हणजे खरं तापमान, ४२ दाखवत होतं. माझा डॅशबोर्ड फक्त पहिली ओळ उचलत होता.

मग जुनी डिस्क जोडली. सेन्सरच्या सेटिंग्जच्या (कॉन्फिग) फोल्डरमध्ये एक छोटी फाइल सापडली, तारीख मशीन दुरुस्तीवाल्याकडे होतं त्याच दिवसांतली. आत कामाच्या दोन ओळी: एक २० वजा करणारी, दुसरी ऑक्सटिन लपवणारी. बस, एवढीच दुरुस्ती.

खरा पुरावा तर पहिल्या दिवसापासून समोर होता. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) मी बोर्डावरच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवलाय. बोर्ड खरंच बदलला असता तर मॅक बदलला असता आणि सर्व्हर वेगळ्याच आयपीवर उगवला असता. तो निमूट जुन्याच आयपीवर आला होता. सीरियल नंबरही मूळ खोक्यावरच्या स्टिकरशी जुळला.

त्याला फोन करून म्हटलं, जुना बोर्ड परत द्या. "तो भंगारात गेला, सर." मॅक पत्त्याचं विचारल्यावर फोन कट, आणि नंतर उचललाच नाही.

तुमच्याकडे कुणी बोर्ड बदलायला निघालं, तर आधी सीरियल नंबर आणि मॅकचा फोटो काढून ठेवा, आणि जुना बोर्ड हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्या दोन ओळी मात्र मी नव्या डिस्कवर जशाच्या तशा उतरवून घेतल्या आहेत. गणित बरोबर होतं त्याचं.