नकली बॉम्बचा संच, स्कॅनरवरचा सराव की साध्या बॅगा? रक्षकांच्या प्रशिक्षणासाठी काय घ्यावं

मुंबईत मॉल, ऑफिस इमारत किंवा मोठ्या सोसायटीची सुरक्षा सांभाळणाऱ्या एजन्सीला 'बॉम्ब ओळख' हा विषय टाळता येत नाही. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या प्रशिक्षणक्रमातच तो आहे. पैसे कशावर घालायचे, हे मात्र रक्षक रोज काय करतो त्यावरून ठरवा. गेटवर बॅगा उघडून पाहणारा, स्कॅनरच्या पडद्यासमोर बसणारा आणि रात्री फेरी मारणारा, या तिघांना एकच साधन पुरत नाही.

निष्क्रिय मॉडेलांचा संच दिसायला भारदस्त असतो: पार्सल, टिफिन, रेडिओ, खेळणं. प्रशिक्षकाला वर्गात समजावून सांगायला तो उत्तम. पण लाल कांड्या आणि टिकटिकणारं घड्याळ असले फिल्मी नमुने घेऊ नका. रक्षक मग तसंच काहीतरी शोधत राहतो. मुंबईचा अनुभव उलटा आहे. 1993 मध्ये मोटारी, स्कूटर आणि हॉटेलातल्या सुटकेसमध्ये, 2003 मध्ये उभ्या टॅक्सींमध्ये स्फोटकं होती. 2008 च्या हल्ल्यानंतर सीएसटीवर प्रवाशांच्या सामानाच्या ढिगात जिवंत बॉम्ब सापडला, तो तब्बल आठवडाभराने. दुसरी खोड म्हणजे मॉडेल हातात घेऊन फिरवायची सवय लागते, आणि खऱ्या प्रसंगी नेमकं तेच करायचं नसतं.

संच घेतलाच, तर प्रत्येक सुट्या भागावर 'निष्क्रिय – सरावासाठी' हे मराठी आणि हिंदीत कोरलेलं हवं. चिकटवलेली लेबलं पावसाळ्यात सुटतात. नग क्रमांक टाकून रजिस्टर ठेवा, कुलूपबंद पेटी ठेवा, सत्र संपलं की मोजून परत घ्या. पेटी एजन्सीच्या गाडीतून, पत्रासोबत न्यावी. मेट्रो स्थानकाच्या बॅग स्कॅनरमध्ये असला नमुना दिसला तर पुढचा दिवस पोलीस ठाण्यात जाईल. 'निकामी केलेली खरी वस्तू' कुणी स्वस्तात देत असेल तर हातही लावू नका. ती खरंच निकामी आहे की नाही, हे तुम्हाला तपासता येत नाही.

स्कॅनरवरचा सराव फक्त यंत्र असलेल्यांसाठी. पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधले हिरवे दिसतात. साधं शोभेचं मॉडेल तिथे खऱ्यासारखं दिसेलच असं नाही. त्यासाठी घनता जुळवलेले खास नमुने लागतात आणि ते महाग पडतात. यंत्रात खऱ्या बॅगेवर खोटी प्रतिमा टाकायची सोय असेल तर आधी ती सुरू करून घ्या. पडद्यासमोर बसलेल्या रक्षकाने ती ओळखून बटण दाबलं की नाही, याची नोंद आपोआप राहते.

साध्या बॅगा सर्वांत स्वस्त, आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत उपयोगी. एक सॅक, एक पिशवी, एक खोका. आत वर्तमानपत्र आणि सरावाची चिठ्ठी. जागा फक्त पर्यवेक्षकाला माहीत. मग नोंदवा: किती मिनिटांत लक्षात आलं, आजूबाजूला 'कुणाची आहे?' विचारलं का, हात लावला का, वॉकीटॉकी तिथेच उभं राहून वापरला का, लोक किती लांब नेले. लहान वस्तूसाठी ब्रिटनच्या सूचनांत 100 मीटर अंतर आहे. झवेरी बाजारासारख्या गल्लीत ते कुठे संपतं, हे टेपने मोजून आधीच ठरवा. पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवणं विसरू नका, नाहीतर कुणीतरी 112 फिरवतो आणि बॉम्बशोधक पथक खरोखर येतं.

श्वानांसाठी यातलं काहीच चालत नाही. त्यांच्या सरावाला स्फोटकाचा वास लागतो आणि ते काम परवानाधारकांचं.

बजेट तोकडं असेल तर आधी बॅगा आणि हिंदी-मराठी तक्ते घ्या, स्कॅनर असेल तर त्यानंतर प्रतिमांचा सराव. मॉडेलांचा संच प्रत्येक साइटला लागत नाही. प्रशिक्षकाकडे एक असला की पुरे.