रेकच्या नावाखाली एका रात्रीत 25,830 रुपये

‘रेक पाच टक्के, पाचशेच्या वर नाही.’ डिसेंबरात कळंगुटजवळच्या एका व्हिलात पोकरच्या टेबलावर बसण्याआधी मला हे दोनदा सांगितलं होतं. रेक म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, म्हणजे पॉटमधून, खेळ चालवणारा कापून घेतो तो हिस्सा. नुसता हरलो असतो तर हे लिहिलंच नसतं. घरी अजून आकडा सांगितलेला नाही.

मी नवखा नाही. मित्रांमध्ये चार वर्षं पोकर खेळतोय, आदल्याच रात्री मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर बसलो होतो. तिथे डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, रेकच्या चिप्स पॉटमधून काढून सगळ्यांना दिसतील अशा बाजूला ठेवत होता आणि डाव संपल्यावरच पेटीत पाडत होता. फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडली जाणारी पहिली तीन पानं, आला नाही तर रेक नाही. दुसऱ्या रात्री बोटीवर जागा मिळेना, तेव्हा जेटीजवळ भेटलेला एक जण म्हणाला, नियम तेच, थांबायला नको. मराठीच बोलत होता. गेलो.

ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, 100/200, आम्ही सहा जण. पहिल्याच तासात तीन राण्यांवर मी 18,400 चा पॉट जिंकला. फ्लॉपला डीलरने 500 ची चिप पेटीत पाडली. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, आणखी एक. रिव्हरला, म्हणजे पाचव्या पानाला, आणखी एक. तिन्ही वेळा तो टक् आवाज मी ऐकला. मर्यादेप्रमाणे 500 व्हायला हवे होते, गेले 1,500. तिथेच हात धरायला हवा होता त्याचा! मी मात्र जिंकल्याच्या भरात त्याला वर 200 ची टिप दिली. तो आवाज अजून कानातून जात नाही. डाव चालू असताना चिप पेटीत पडली की तिथेच खेळ थांबवा, मोजायला लावा. जिंकलेला माणूस मोजत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

साडेतीनला लक्षात आलं की सहाही जण तोट्यात आहेत. सगळ्यांनी मिळून 2,40,000 च्या चिप्स घेतल्या होत्या, टेबलावर जेमतेम 1,60,000 उरल्या होत्या. पत्त्यात एकाचं गेलं तर दुसऱ्याचं वाढायला हवं ना?

माझ्या 60,000 पैकी 41,300 हातात होते. त्यातून अर्ध्या तासाला 300 प्रमाणे पाच तासांचे 3,000 ‘टेबल फी’ कापले. रेक घेतला तर वेळेचे पैसे कसले? वर दहा टक्के ‘सर्व्हिस’, म्हणजे 4,130. मिळाले 34,170. दारात दोघे उभे होते, वाद कोण घालणार?

सकाळी पोलीस चौकीत दोन तास बसवून ठेवलं. मग म्हणाले, गोव्याच्या 1976 च्या जुगार कायद्यात अड्ड्यावर खेळणाराही गुन्हेगार, तुमचंच नाव आधी लिहू का? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत.’ बँकेने अर्ज घेतला आणि पंधरा दिवसांनी तेच उत्तर दिलं. पुण्यात सायबरवाल्यांनी परत गोव्याकडे बोट दाखवलं. अहो, ज्या खात्यावर यूपीआयने 60,000 गेले त्याचं नाव, वेळ, रक्कम, सगळं माझ्याकडे होतं! ते खातं कोणाचं, एवढं विचारायची तसदी एकानेही घेतली नाही. परवाना पंचतारांकित हॉटेलांतल्या आणि बोटींवरच्या कॅसिनोंना असतो, व्हिलाला नाही, हे त्यांना माहीत नाही का? मी खेळलो म्हणून मी चोर, आणि पेटी भरणारा मोकळा!

स्क्रीनशॉट जपून ठेवा. रेकचा दर आणि मर्यादा लेखी दिसत नसेल तर बसू नका, आणि जेटीवरच्या माणसाबरोबर तर जाऊच नका.

परवा एका ग्रुपवर मेसेज आला: ‘शनिवारी टेबल, 100/200, रेक फक्त 5 टक्के.’ खाली त्या जेटीवाल्याचाच नंबर.