बडोद्यातला गर्भसंस्कार वर्ग: काय घ्यावं, काय सोडावं

दांडियाबाजारातल्या या वर्गातली पहिली पंचवीस मिनिटं सोन्यासारखी आहेत. भ्रामरी खुर्चीवर बसवून शिकवतात: ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, श्वास नाकाने घ्यायचा आणि हलक्या गुंजारवात सोडायचा. पाच ते सात आवर्तनं, मध्ये श्वास रोखायचा नाही. नेहमी चुकतं ते हे की गुंजारव दम संपेपर्यंत ताणला जातो, मग पुढचा श्वास घाईने ओढावा लागतो आणि शांत वाटायच्या ऐवजी धडधड वाढते. इथल्या ताई ते लगेच ओळखतात आणि गुंजारव तोकडा करायला लावतात. कपालभाती, भस्त्रिका पूर्ण वर्ज्य. सातव्या महिन्यापासून शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. उताणं पडलं तर गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर येतो आणि घेरी येते.

नंतर रामरक्षा आणि बाळाशी बोलणं. बाळ साधारण चोविसाव्या ते सव्विसाव्या आठवड्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं आणि आईचा आवाज तिच्या शरीरातूनच आत पोहोचतो. पोटाला हेडफोन लावायची गरज नाही. ‘बुद्धिमान बाळ’ हा पत्रकावरचा दावा सोडून द्यावा. रामरक्षा आईसाठी म्हणावी, लयीत म्हणताना श्वास आपोआप लांबतो.

मुलगा व्हावा म्हणून दिले जाणारे पुंसवनाचे थेंब इथे विकत नाहीत, हे फार चांगलं. लिंगनिवडीची जाहिरात 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी असे थेंब अजून सुचवले जातात.

आहाराच्या कागदावर एक चूक आहे: लोहाची गोळी दुधासोबत. दुधातल्या कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवावी.

सर्वात खटकतं ते ‘रडू नकोस, बाळ रडकं होईल’ हे वाक्य. आधीच धास्तावलेली मुलगी मग रडू लपवते आणि त्याचा अपराधही स्वतःवर घेते. गरोदरपणातलं नैराश्य हा आजार आहे, संस्कारांतली उणीव नव्हे. 1987 साली बाळंतिणींसाठी तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली गरोदरपणातही वापरतात: दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, एकूण गुण 30. तेरा किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी. भरायला पाच मिनिटं पुरतात. वर्गाने ती पहिल्या दिवशी आणि पुढे दर तिमाहीला भरून घ्यायलाच हवी. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक निदान भिंतीवर लावावा.

सामूहिक डोहाळेजेवण हौसेने होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. सासर गुजराती असेल तर घरी खोळो भरण्याचा, म्हणजे ओटी भरण्याचा, कार्यक्रमही असतो. दोन्ही एकाच दिवशी ठेवू नयेत, पाय सुजतात. आणि वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आठव्या महिन्यापासून तळमजल्यावरची खोली मागून घ्यावी.