कॅनडाचं मायक्रो-कल्टिव्हेशन लायसन्स: लहान गांजा उत्पादकाला परवडतं का?

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी तीन तारे. लहान माणसाला कायदेशीर धंद्याच्या दारात आणून उभं करण्याचं काम हे लायसन्स नीट करतं. दाराच्या आत गेल्यावर माल कुणाला, कुठल्या भावाने विकायचा, या बाबतीत मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि बुडणारे बहुतेक जण तिथेच बुडतात.

हे परीक्षण मुख्यतः ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियातल्या त्या मराठी मंडळींसाठी आहे, ज्यांना जमीन किंवा जुनं शेड घेऊन या धंद्यात पैसे घालायचे आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांनी माहिती म्हणून वाचावं. तिकडे याच झाडाची लागवड केली तर एनडीपीएस कायद्याखाली थेट तुरुंग आहे.

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 ला कॅनॅबिस कायदा लागू झाला, तेव्हा लागवडीचे वेगवेगळे वर्ग ठेवले गेले. मोठ्यांसाठी स्टँडर्ड, लहानांसाठी मायक्रो, रोपवाटिकेसाठी नर्सरी. मायक्रोला तेव्हा 200 चौरस मीटरची मर्यादा होती. मार्च 2025 मध्ये ती चौपट होऊन 800 झाली. फी लहानांना सोसवेल अशीच होती. 2018 चे आकडे: अर्जाच्या छाननीचे मायक्रोला 1,638 डॉलर आणि स्टँडर्डला 3,277, सुरक्षा तपासणीचे प्रत्येक माणशी 1,654. वार्षिक नियामक फी मायक्रोला दहा लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर 1 टक्का, किमान 2,500. स्टँडर्डला 2.3 टक्के, किमान 23,000. छाननी आणि सुरक्षा तपासणीची फी दरवर्षी थोडी थोडी वाढते. (इथून पुढे डॉलर म्हणजे कॅनडाचाच.) सुरक्षेची सक्तीही हलकी आहे. जागेला पक्का अडथळा आणि माल असलेल्या भागात फक्त कामाच्या माणसांना प्रवेश, एवढ्यावर भागतं. स्टँडर्डवाल्यांसारखी जागोजागी कॅमेरे आणि घुसखोरीच्या अलार्मची यंत्रणा लागत नाही.

आणखी एक गोष्ट सरकारने शहाणपणाने केली. लायसन्स मिळताना बियाणं आणि रोपं एकदाच जाहीर करून आत आणता येतात. कायद्याआधीच्या काळात जपलेले वाण, विशेषतः ब्रिटिश कोलंबियातल्या कूटनी खोऱ्यातल्या जुन्या लागवडदारांकडचे, अशा वाटेने कायदेशीर झाले. लहान उत्पादकाकडे मोठ्याकडे नसलेली एकच गोष्ट असेल तर ती हे वाण.

आता त्रास. मे 2019 पासून नियम असा की अर्ज करताना जागा पूर्ण बांधून तयार हवी, आणि ती तयार असल्याचा पुरावा, खोल्या फिरून दाखवणाऱ्या व्हिडिओसकट, अर्जासोबत द्यायचा. म्हणजे भिंती, वीज, वातानुकूलन, सगळा खर्च आधी आणि परवानगी नंतर. मधले महिने भाडं आणि व्याज चालूच. अर्जाआधी नगरपालिका, अग्निशमन दल आणि पोलिसांना लेखी कळवायचं असतं. ते पत्र टाकण्याआधी झोनिंगची खात्री लेखी घ्या, तोंडी नको. ब्रिटिश कोलंबियात शेतीसाठी राखीव जमिनीवर मातीत लागवड असेल तर तिला संरक्षण आहे, पण काँक्रीटच्या तळाची नवी इमारत बांधायची म्हटलं की स्थानिक संस्था सरळ नाही म्हणू शकते.

चौरस मीटरच्या हिशेबात बहुतेक जण फसतात. मर्यादा फक्त फुलोऱ्यातल्या झाडांना नाही. मातृरोपं, कलमं, वाढीतली रोपं, सगळी त्यातच मोजली जातात, आणि मांडण्या एकावर एक रचल्या तर प्रत्येक मजल्याचं क्षेत्र वेगळं धरलं जातं. म्हणून 200 मीटरची जागा धरली तर त्यातले फुलोऱ्याला हाती लागतात 150 च्या आसपास. चांगला हात असेल तर चौरस मीटरला एका पिकात 450 ग्रॅम वाळलेला माल धरावा. फुलोरा साधारण 60 दिवस आणि साफसफाईचे दहाएक, म्हणजे वर्षाला पाच पिकं. एकूण 335 किलोच्या आसपास. कागदावर 500 किलो दाखवणारा सल्लागार भेटला तर त्याने मातृरोपं कुठे ठेवली आहेत ते विचारा.

विजेचा हिशेबही मांडून बघा. 600 वॅटचा एलईडी दिवा दीड चौरस मीटरला पुरतो, म्हणजे 150 मीटरला शंभर दिवे, 60 किलोवॅट. रोज 12 तास म्हणजे 720 युनिट, आणि पिकांमधले रिकामे दिवस वगळले तर वर्षाला दोन लाखांच्या वर. युनिटला 12 सेंट धरले तर 26,000 डॉलर नुसत्या दिव्यांचे. थंडावा आणि दमट हवा काढण्याचा खर्च जवळपास तेवढाच. ग्रॅममागे 15 सेंट विजेतच गेले. हाताने छाटणी करणारा माणूस दिवसाला अर्धा ते एक किलो उरकतो. ताशी 18 डॉलर मजुरी धरली तर तिथे ग्रॅममागे 14 ते 29 सेंट. ग्रॅम एक डॉलरने विकायची वेळ आली की 335 किलोचे 3 लाख 35 हजार येतात. त्यातून वीज, मजुरी, कर्जाचा हप्ता, खतं, तपासण्या आणि विमा वजा करून मालकाचा पगार निघतो का, हे प्रत्येकाने स्वतः मांडून बघावं. आम्ही जेवढ्या वेळा मांडलं, तेवढ्या वेळा तो निघाला तर जेमतेम निघाला.

बंद खोलीतल्या पिकात नासाडी कशी होते ते थोडं सविस्तर लिहितो, कारण विक्रेते त्यावर बोलत नाहीत. झाडाला दिलेलं जवळजवळ सगळं पाणी पानांतून वाफ होऊन खोलीत येतं. 150 मीटरला रोज 600 लिटर पाणी दिलं तर तेवढंच पाणी यंत्राने हवेतून काढावं लागतं. दिवे बंद झाले की तापमान उतरतं आणि आर्द्रता एकदम चढते. डीह्युमिडिफायर दिव्यांच्या वेळेचा हिशेब करून घेतला असेल तर रात्री तो कमी पडतो. मग सहाव्या ते आठव्या आठवड्यात जाड कणसांच्या आतून करडी बुरशी सुरू होते. बाहेरून फक्त एखादं पान पिवळं पडून सहज हातात येतं. तिथे कणीस फोडून पाहिलं तर आत तपकिरी भुसा. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना भुरीचा धाक असतो, तशीच भुरी इथेही आहे, फक्त फवारायला औषधं फार थोडी. या पिकासाठी नोंदणी झालेली मोजकीच कीडनाशकं वापरता येतात आणि प्रयोगशाळा 96 घटकांची तपासणी करते. फुलकिडे आणि लाल कोळी यांच्यावर उपाय म्हणजे भक्षक कोळी आधीपासून सोडणं. कीड दिसल्यावर सोडले तर उशीर झालेला असतो.

सगळ्यात कपटी रोग हॉप लेटंट व्हायरॉइड, म्हणजे विषाणूहूनही लहान रोगकारक. झाड जगतं, पण फांद्या ठिसूळ होतात, फुलं बारीक येतात, राळ कमी धरते आणि टीएचसी, म्हणजे नशा देणारा घटक, घसरतं. तो कात्रीवरून आणि कलमांतून पसरतो. बाहेरून आणलेलं प्रत्येक कलम वेगळ्या खोलीत ठेवून पीसीआर चाचणी होईपर्यंत मुख्य खोलीत नेऊ नये, आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री 10 टक्के ब्लीचमध्ये बुडवावी. लहान जागेत पाच-सहाच मातृरोपं असतात. त्यातली दोन बाधित निघाली तर वर्षाचं पीक गेलं.

वाळवण्याच्या खोलीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. सगळं पीक एकदम काढलं तर 67 किलो वाळलेल्या मालासाठी अडीचशे लिटरवर पाणी त्या एका खोलीतून बाहेर काढावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या चार-पाच दिवसांत सुटतं. त्यापेक्षा 50 मीटरच्या तीन खोल्या करून साडेतीन आठवड्यांच्या अंतराने कापणी ठेवावी. दर वेळी 22 किलो. मग 16 ते 18 अंश सेल्सिअस आणि 55 ते 60 टक्के आर्द्रतेला, दहा ते चौदा दिवस, लहान खोलीतही माल नीट वाळतो. छाटणीला तीच तीन-चार माणसं वर्षभर पुरतात, हंगामी भरती लागत नाही. घाईने गरम हवेत वाळवलेल्या मालाला ओल्या गवताचा वास राहतो आणि खरेदीदार पहिल्याच हुंगण्यात भाव पाडतो.

इथपर्यंत सगळं हातात असतं. पुढचं नसतं.

मायक्रो-कल्टिव्हेशनचं लायसन्स फक्त पिकवायचं आहे. पाकिटात भरून प्रांताच्या घाऊक मंडळाला विकायचं तर प्रोसेसिंगचं लायसन्स लागतं. ते नसेल तर सुटा माल प्रोसेसरला द्यायचा आणि तो देईल तो भाव घ्यायचा. लासलगावला कांद्याची ट्रॉली उभी केलेल्या शेतकऱ्याची जी गत, तीच इथे. प्रोसेसरला टीएचसीचा आकडा हवा असतो, कारण दुकानात गिऱ्हाईक तोच वाचतं. 20 टक्क्यांचा सुगंधी माल मागे राहतो आणि 28 टक्क्यांचा रुक्ष माल उचलला जातो.

अबकारी शुल्क पाकीट भरणाऱ्याच्या डोक्यावर असतं, पण कापलं जातं उत्पादकाच्या भावातून. दर असा: फुलांवर ग्रॅमला एक डॉलर किंवा विक्रीच्या किमतीच्या 10 टक्के, यातलं जे जास्त ते. कायदा आला तेव्हा ग्रॅमला दहाएक डॉलर मिळतील असं गृहीत होतं, त्यामुळे दोन्ही आकडे सारखेच वाटायचे. भाव कोसळले, एक डॉलर तसाच राहिला. समजा साडेतीन ग्रॅमचं पाकीट प्रांताने 18 डॉलरला घेतलं, तर शुल्क साडेतीन डॉलर, म्हणजे 19 टक्के. 28 ग्रॅमचं पाकीट 80 ला गेलं, तर शुल्क 28, म्हणजे 35 टक्के. स्वस्त मोठी पाकिटं विकून तग धरू म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. ओंटारियो आणि अल्बर्टात यावर जादा समायोजन शुल्क वेगळंच.

मोठ्यांबद्दल एक गैरसमज आहे, की ते बुडाले म्हणजे लहानांना जागा मिळाली. कॉन्स्टेलेशन या अमेरिकन मद्य कंपनीने 2018 मध्ये कॅनोपी ग्रोथ या कॅनडातल्या बड्या गांजा कंपनीत पाच अब्ज डॉलर ओतले. मार्च 2020 मध्ये कॅनोपीने ब्रिटिश कोलंबियातली ॲल्डरग्रोव्ह आणि डेल्टाची 30 लाख चौरस फुटांची हरितगृहं बंद केली. क्षेत्रफळाने ती 200 मीटरच्या सुमारे 1,400 मायक्रोंएवढी. एडमंटन विमानतळाजवळचं ऑरोरा या दुसऱ्या बड्या कंपनीचं आठ लाख चौरस फुटांचं स्काय नावाचं हरितगृहही बंद झालं. ओंटारियोतल्या स्मिथ्स फॉल्सचा कॅनोपीचा कारखाना तर हर्शीचा चॉकलेटचा होता, तो कॅनोपीकडून हर्शीनेच परत घेतला. पण कोसळणारी कंपनी आधी गोदाम रिकामं करते, मिळेल त्या भावाला. तो माल बाजारातून जिरेपर्यंत लहान उत्पादकाचा भाव पडलेलाच. आणि कंपनीने न्यायालयाकडून धनकोंपासून संरक्षण घेतलं, की उधारीवर माल दिलेला मायक्रो बिनतारण धनकोंच्या रांगेत शेवटी उभा. तारण घेतलेल्या बँका त्याच्या पुढे.

म्हणूनच 800 मीटरची नवी मर्यादा ही भेट आहे असं आम्हाला वाटत नाही. चौपट क्षेत्र म्हणजे चौपट सुटा माल, तोही त्याच प्रोसेसरच्या दारात. ज्याच्याकडे स्वतःचं पाकीट आणि ठरलेली दुकानं आहेत त्यानेच वाढावं. बाकीच्यांनी तो पैसा मायक्रो-प्रोसेसिंगमध्ये घालावा. त्याची वर्षाची मर्यादाही 600 किलोवरून 2,400 वर गेली आहे, म्हणजे शेजारच्या दोन-तीन मायक्रोंचा मालही भरता येतो. त्यासाठी गुणवत्तेची जबाबदारी घेणारी पात्र व्यक्ती लागते, आणि प्रांतांना विकण्याची मुभा लायसन्सवर असावी लागते. कर खात्याचं कॅनॅबिस लायसन्स वेगळं, त्याला किमान 5,000 डॉलरची हमी, आणि अबकारी तिकिटं आगाऊ.

विक्रीच्या बाबतीत ब्रिटिश कोलंबिया इतरांच्या पुढे आहे. तिथे ऑगस्ट 2022 पासून लहान उत्पादक दुकानांना थेट माल पोचवू शकतात, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून शेतावरच दुकान काढता येतं. नेल्सनसारख्या गावात, जिथे गिऱ्हाईक वाणाचं नाव घेऊन विचारतं, तिथे याचा खरा फायदा. ओंटारियोतही जागेवर दुकान काढता येतं, पण बाकी सगळं ओंटारियो कॅनॅबिस स्टोअर या प्रांताच्या घाऊक मंडळातून, आणि तिथल्या यादीत नाव लागणं ही वेगळी लढाई.

तारे असे दिले: फी आणि सुरक्षेच्या अटींना चार, अर्जाच्या पद्धतीला दोन, विक्रीच्या सोयीला ब्रिटिश कोलंबियात तीन आणि इतरत्र एक. ज्याच्याकडे स्वतःचं शेड आहे, कर्ज नाही, जुना वाण आहे आणि 40 मैलांत दहा-बारा दुकानं ओळखीची आहेत, त्याने घ्यावं. भाड्याच्या औद्योगिक गाळ्यात कर्ज काढून सुटा माल विकायचा बेत असेल तर घेऊ नये.

घेतलंच, तर प्रोसेसरशी करारात चार गोष्टी लिहून घ्या. पैसे माल पोचल्याच्या दिवशी, निदान निम्मे तरी. टीएचसी आणि बुरशीची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेची ग्राह्य, ते नावानिशी. पोचताना मालाचा ओलावा किती असावा, वॉटर ॲक्टिव्हिटी 0.55 ते 0.65 मध्ये, नाहीतर वजनात घट दाखवून पैसे कापले जातात. आणि प्रत्येक लॉटचा सीलबंद नमुना दोघांच्या सहीने तुमच्याकडे राहील. परत पाठवलेल्या मालाचा वाद निघाला की त्याच पुडीवर निकाल लागतो.