काजूच्या कलमांसाठी ‘ग्राफ्टिंग किट’: पट्टी ठीक, पक्कड नको

ऑनलाइन मिळणाऱ्या किटमध्ये एक पक्कड, तीन आकारांची पाती (व्ही, यू आणि ओमेगा), ताणली जाणारी पट्टी आणि पाती बदलायचा छोटा पाना येतो. फोटोत झकास दिसतं. पण काजूच्या मृदुकाष्ठ कलमाला (कोवळ्या रोपावर बांधतात ते कलम) ही पक्कड उपयोगाची नाही.

काजूचा खुंट (ज्यावर कलम बांधायचं ते रोप) ४५ ते ६० दिवसांचा, म्हणजे अगदी कोवळा. पक्कड दाबली की तो आधी चेपतो आणि मग कापला जातो. चेपलेली कड काळी पडते आणि तिथूनच बुरशी शिरते. शिवाय ओमेगाचा सांधा जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा, आणि तोही खुंट व काडी (खुंटावर बसवायचा निवडक झाडाच्या फांदीचा तुकडा) तंतोतंत एका जाडीची असेल तरच जुळतो. चाकूने पाचर कलम करताना (काडी पाचरीसारखी तासून खुंटाच्या चिरेत बसवताना) ५-६ सेंटिमीटरचा काप मिळतो. काडी थोडी बारीक असली तरी एका बाजूची साल सालीला भिडवली की काम होतं.

म्हणून पैसे चाकूवर घाला. पातं एकाच बाजूने धार लावलेलं हवं, तरच पाचर सपाट उतरते. डावखुऱ्यांनी उलट धारेचा मागावा. चिकाने पातं चिकटायला लागलं की स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. सिकेटर (छाटणीची कात्री) घेताना दोन पाती एकमेकांजवळून सरकणारं घ्या, एकच पातं सपाट ऐरणीवर दाबणारं काडी चिरडतं.

किटमधली पट्टी मात्र वाईट नाही, फक्त महाग पडते. १०० गेज जाडीच्या साध्या प्लास्टिकची २ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब पट्टी तेच काम करते. खालून वर गुंडाळा, कौलं शाकारतात तशी, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात उतरत नाही. दोन-तीन महिन्यांनी ती सोडवायची, नाहीतर खोडाला काच पडतो.

टोपी किटमध्ये नसतेच, आणि खरी गरज तिची! पेप्सीकोल्याची अरुंद पिशवी आतून ओली करून काडीवर चढवा आणि खाली सैलसर बांधा. कलमं सावलीतच ठेवा, उन्हात टोपीखाली काडी शिजते. कोंब हलला की टोपी काढा.

एवढं सगळं घेऊनही काडी तयार नसेल तर कलम मरतंच. वेंगुर्ला-४ किंवा ७ या काजूच्या जातींच्या झाडावरच्या निवडलेल्या काडीची पानं देठ ठेवून ७ ते १० दिवस आधी छाटायची, डोळे फुगले की मगच कापायची. हे कुठल्याच किटच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.