मॉडेल इंजिन रंगकामासाठी परक्याच्या हाती देण्यापूर्वी

मॉडेल रेल्वेच्या छंदात आपण माणसाची पारख त्याच्या ज्ञानावरून करतो आणि माझी फसवणूक नेमकी याच सवयीमुळे झाली. ज्या गृहस्थांनी मला चौदा महिने झुलवत ठेवले, माझ्याकडून तीन वेळा पैसे घेतले आणि शेवटी माझ्या इंजिनातील मोटर व गिअरबॉक्स काढून घेऊन उरलेला सांगाडा परत पाठवला, त्यांना या विषयातले खरोखरच उत्तम कळत होते. तक्रार अद्याप प्रलंबित असल्यामुळे त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. मात्र त्यांची पद्धत लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण याच पद्धतीने फसलेल्या आणखी दोघांशी माझा नंतर संपर्क झाला आहे.

मी एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ या प्रमाणात काम करते. माझ्याकडे युनियन पॅसिफिक रेल्वेच्या ‘बिग बॉय’ या वाफेच्या इंजिनाची जुनी पितळी प्रतिकृती होती. ही मूळ इंजिने अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने १९४१ ते १९४४ या काळात अवघी २५ बांधली आणि त्यांना ४००० ते ४०२४ असे क्रमांक मिळाले. टेंडरसह, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह, मूळ इंजिनाची लांबी ४० मीटरांहून थोडी अधिक असल्याने प्रतिकृतीही जवळजवळ साडेशेचाळीस सेंटीमीटर भरते. माझ्या इंजिनावर रंग नव्हता, पितळेवर केवळ पारदर्शक लॅकर होते. मालडब्यांचे रंगकाम आणि वेदरिंग, म्हणजे वापराने चढणारी धूळ, काजळी व गंज रंगांनी दाखवणे, मी गेली कित्येक वर्षे स्वतः करत आले आहे. पण हाताने सोल्डर केलेले शेकडो बारीक भाग असलेल्या पितळी इंजिनावर रंगाचा थर जरा जाड बसला तरी रिव्हेटांच्या ओळी बुजून जातात, म्हणून तेथे माझा हात धजत नव्हता.

या इंजिनावर माझे स्वतःचे म्हणावे असे एकच काम होते. डाव्या बाजूला, बॉयलरलगतच्या पायफळीखाली, अर्धा मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेची एक नळी मी बसवली होती आणि ती चार क्लिपांनी धरून ठेवली होती. त्यांतील तिसरी क्लिप किंचित तिरकी बसली. ती सरळ करण्याचा मी दोनदा प्रयत्न केला, परंतु अधिक उष्णता दिली असती तर शेजारच्या भागांचे सोल्डर सुटले असते, म्हणून ती तशीच राहू दिली. ही तिरकी क्लिप पुढे फार महत्त्वाची ठरली.

त्या गृहस्थांची ओळख एका परिचिताच्या परिचितामार्फत झाली. पहिल्याच संभाषणात त्यांनी माझे रूळ कोड १०० चे आहेत की कोड ८३ चे (हे आकडे रुळाची उंची सांगतात), वळणांची त्रिज्या किती आहे, चाकांची कड आरपी-२५ या चाकाच्या आकाराच्या प्रमाणाप्रमाणे आहे का, असे प्रश्न विचारले. मोटर जुन्या उघड्या बांधणीची आहे हे कळताच, तिचा एक ब्रश, म्हणजे वीज पोहोचवणारा संपर्काचा तुकडा, थेट चौकटीला जोडलेला असू शकतो, तो विलग केल्याशिवाय डीसीसीचा डिकोडर (रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) जोडला तर डिकोडर जळेल, हे त्यांनी मी न विचारता सांगितले. जुने लॅकर पूर्णपणे उतरवायचे, कमी दाबाने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बारीक मारा करून पृष्ठभाग खरखरीत करायचा, मग बोटांचा स्पर्शही होऊ न देता प्रायमर द्यायचा, हा क्रमही त्यांनी नीट समजावून सांगितला. यातील एकही वाक्य खोटे नव्हते. मी ते सर्व नंतर पडताळून पाहिले आणि प्रत्येक गोष्ट बरोबर निघाल्यामुळे माणूसही बरोबर आहे, असा निष्कर्ष काढला. त्यांनी मला इतके प्रश्न विचारले होते की आपणही त्यांना काही विचारायला हवे, निदान पूर्वी कोणाकोणाची कामे केली आणि त्यांच्याशी बोलता येईल का एवढे तरी विचारायला हवे, हे माझ्या मनातच आले नाही.

ठरलेल्या रकमेपैकी निम्मी आगाऊ द्यायची होती. व्यवहार-शुल्क वाचावे म्हणून ती खरेदीची रक्कम म्हणून न पाठवता ओळखीच्या व्यक्तीला पैसे पाठवतात त्या प्रकारे पाठवावी, अशी त्यांनी विनंती केली आणि मी ती मान्य केली. अशा हस्तांतरणाला ग्राहकसंरक्षण लागू होत नाही हे मला ठाऊक होते, तरीही एवढ्या जाणकार माणसाजवळ त्याचा आग्रह धरणे मला अवघड वाटले. इंजिन फोममध्ये नीट बांधून पाठवले. पाठवण्यापूर्वी त्याचे वजन केले नाही आणि खालच्या बाजूचे, मोटरचे किंवा गिअरबॉक्सचे एकही छायाचित्र काढून ठेवले नाही.

दोन महिन्यांनी पहिली वाईट बातमी आली. गिअरबॉक्सच्या ओतीव आवरणाला जस्ताची कीड लागली आहे, ते बदलावे लागेल, सोबत मोटरही नवी घ्यावी, असे त्यांनी कळवले आणि तडे गेलेल्या एका करड्या आवरणाचे छायाचित्र पाठवले. या प्रकाराविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या छंदात असलेल्या प्रत्येकाच्या मनात त्याची धास्ती असते आणि तिचाच उपयोग करून घेतला गेला. ओतकामासाठी वापरल्या जाणाऱ्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या अशुद्धीचा अंश राहिला तर काही वर्षांनी धातूच्या कणांच्या सीमांवर क्षरण सुरू होते. भाग आतून फुगतो, वाकतो, त्याला जाळीसारखे तडे जातात आणि अखेरीस तो बोटांनी चुरडता येतो. दमट हवेत हे अधिक वेगाने होते आणि एकदा सुरू झाल्यावर त्यावर उपाय नाही. म्हणजे ही बातमी तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य कोटीतली होती. पण पाठवण्याच्या आदल्या आठवड्यातच मी ते इंजिन तासभर चालवले होते. गिअरबॉक्सचे आवरण तडे जाण्याइतके फुगले असते तर दातेचाके अडली असती, निदान आवाज तरी बदलला असता. माझे इंजिन मात्र सर्वांत कमी वेगातही अडखळले नव्हते. एवढा ढळढळीत पुरावा माझ्या स्वतःच्या हाती असताना मी दुसऱ्याने पाठवलेल्या चित्रावर विश्वास ठेवला आणि दुसऱ्यांदा पैसे पाठवले.

तिसरी मागणी ध्वनीच्या डिकोडरसाठी होती. मधल्या काळात प्रायमर दिलेल्या इंजिनाची छायाचित्रे येत राहिली आणि नंतर रंगवलेल्या इंजिनाचीही आली. काम अप्रतिम होते. धुराड्यामागची काजळी, चाकांच्या आऱ्यांवरची तेलकट धूळ, बॉयलरवर पाण्याच्या क्षारांचे पांढरट ओघळ, हे सगळे इतके संयमाने केलेले होते की मी ती चित्रे रात्री पुन्हा पुन्हा पाहत असे. मी ४०१७ हा क्रमांक मागितला होता. केबिनची बाजू मात्र एकाही छायाचित्रात पूर्ण येत नव्हती. प्रत्येक चित्र क्रमांकाच्या आधीच संपत होते.

अशाच एका रात्री मी चित्र मोठे करून डाव्या पायफळीखालची नळी शोधू लागले. नळी होती, पण ती जाड होती, तीन ठिकाणी धरलेली होती आणि तिची प्रत्येक क्लिप काटेकोर सरळ होती. माझे हात गार पडले. मी त्याच क्षणी त्यांना लिहिले की इंजिनाच्या शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून डाव्या बाजूचे एक छायाचित्र पाठवावे. त्यानंतर आजारपण, घर बदलणे, कॅमेरा बिघडणे अशी कारणे येत गेली. प्रत्येक पत्राची भाषा पूर्वीइतकीच सभ्य होती आणि प्रत्येक पत्रात पुढच्या महिन्याचे आश्वासन होते. या दिरंगाईचा अर्थ मला फार उशिरा कळला. पैशांच्या व्यवहाराबाबत तक्रार नोंदवण्याला मुदत असते आणि माझ्या शेवटच्या हस्तांतरणाची ती मुदत उलटून गेल्यावर तीनच आठवड्यांनी पार्सल रवाना झाले.

पार्सल हातात घेताच वजनातला फरक जाणवला. इंजिन माझेच होते, कारण काळ्या रंगाच्या थराखाली तिरकी क्लिप स्पष्ट दिसत होती. रंग लॅकरवरच फवारलेला होता आणि नखाने ओढताच पापुद्रा निघून खाली पिवळे पितळ चमकले. रुळावर ठेवले तर ते हलले नाही. डिकोडरमधल्या नोंदी वाचण्यासाठीच्या वेगळ्या, प्रोग्रॅमिंगच्या रुळावर नेऊन सीव्ही ८ ही नोंद वाचण्याचा प्रयत्न केला, कारण तेथे डिकोडरच्या उत्पादकाचा क्रमांक नोंदलेला असतो. काहीच प्रतिसाद आला नाही. टेंडर उघडला तेव्हा आत काळ्या, आकसवलेल्या प्लास्टिक नळीत गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू होती आणि तिच्यातून रंगीत तारा बाहेर आल्या होत्या. नळी कापली. आत सर्किट बोर्डाचा करवतीने कापलेला कोरा तुकडा होता, त्यावर एकही घटक नव्हता आणि तारा त्याला केवळ गोंदाने चिकटवल्या होत्या. मोटरच्या जागी पोकळी होती. गिअरबॉक्सही नव्हता.

नंतर त्या सुंदर छायाचित्रांचा इंटरनेटवर उलट शोध, म्हणजे चित्रावरून मूळ जागेचा शोध, घेतल्यावर ती दुसऱ्याच एका कारागिराची असल्याचे उघड झाले. त्या सज्जनांना या प्रकाराची काहीच कल्पना नव्हती आणि मी पत्र लिहिले तेव्हा त्यांना माझ्याइतकाच मनस्ताप झाला. त्यांच्याकडूनच मला फसलेल्या इतर दोघांचा पत्ता लागला. त्यांपैकी एकाला गिअरबॉक्सच्या तड्यांचे तेच छायाचित्र, त्याच करड्या आवरणाचे, पाठवले गेले होते. त्यांचे इंजिन मात्र वेगळ्याच रेल्वेचे आणि वेगळ्याच बांधणीचे होते.

ज्यांना आपले इंजिन दुसऱ्याकडे द्यायचेच आहे त्यांनी आधी त्याचे ग्रॅममध्ये वजन करावे आणि प्रत्येक बाजूची, विशेषतः आतल्या यंत्रणेची, जवळून छायाचित्रे काढावीत. इतरांना सहज दिसणार नाही अशी एखादी खूण आपल्याजवळ ठेवावी आणि कामाच्या प्रत्येक टप्प्यावर त्या खुणेचेच छायाचित्र मागावे. प्रामाणिक कारागिराला त्यासाठी फार वेळ लागत नाही आणि तो रागावतही नाही. पैसे खरेदीचा व्यवहार म्हणूनच द्यावेत, शुल्क आपण भरावे आणि तक्रारीची मुदत कोणत्या दिवशी संपते ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. एखादा भाग बदलावा लागला असे सांगितले गेले तर जुना भाग, तो कितीही मोडका असला तरी, परत मागावा. मी एवढेच केले असते तर दुसऱ्या मागणीपाशीच सर्व उघड झाले असते, कारण माझ्या गिअरबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दोन समांतर रेघा आहेत. ग्रीस भरताना झाकण उलटे बसू नये म्हणून त्या मीच सुईने कोरल्या होत्या. त्यांतील उजवीकडची रेघ थोडी आखूड आहे आणि तिच्या टोकाशी सुई घसरल्याचा बारीक ओरखडा आहे.

मोटर आणि गिअरबॉक्स पुढेमागे सुटे भाग म्हणून विक्रीला येतील, असे मला वाटते. ‘बिग बॉय’च्या जुन्या पितळी प्रतिकृतीचा गिअरबॉक्स कोणी आपल्याला देऊ केला, तर पैसे देण्यापूर्वी झाकण उघडून आतल्या बाजूचे छायाचित्र अवश्य मागावे. दोन रेघा आणि तो ओरखडा दिसला तर ती वस्तू चोरीची आहे. कृपया ती विकत घेऊ नये आणि विक्रेत्याशी झालेला सर्व पत्रव्यवहार जपून ठेवावा.