34 हर्ट्झचा बॉक्स मागितला, 34,400 रुपयांत भुशाचा खोका मिळाला

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. गाडीच्या डिकीत बसवायच्या स्पीकरच्या बॉक्सचं डिझाइन माझं मी केलं होतं. तीन आठवडे रात्री जेवण झालं की विनआयएसडी हे बॉक्सचं गणित करणारं सॉफ्टवेअर उघडून बसायचो. 12 इंची सबवूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर), आत निव्वळ 2 घनफूट म्हणजे साधारण 57 लिटर हवा, ट्युनिंग (बॉक्सचा स्वतःचा सूर) 34 हर्ट्झ, 4 इंच व्यासाचा पोर्ट (हवा आत-बाहेर करणारी नळी), लांबी 29.7 सेंटिमीटर. सबवूफर आणि पोर्ट आत जेवढी जागा खातात ती वेगळी धरून बाहेरचं माप काढलं 66 बाय 40 बाय 32 सेंटिमीटर, बोर्ड 18 मिलीमीटर एमडीएफ (दाबून केलेला घट्ट लाकडी बोर्ड). ग्राफपेपरवर ड्रॉइंग काढून दुकानात नेऊन दिलं. एवढं करूनही फसलो, म्हणून लाज जास्त वाटते.

हिशेब असा: सबवूफर 9,800, अ‍ॅम्प 11,500, बॉक्स 7,200, वायरिंग किट 3,400, मजुरी 2,500. एकूण 34,400. पैकी 15,000 यूपीआयने अ‍ॅडव्हान्स, 19,400 रोख. बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के वर लागतील दादा." मी गप्प बसलो. तुम्हीही बसला असतात. त्याने माझंच ड्रॉइंग उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूला हे पाच आकडे लिहिले, खाली रेघ मारली आणि कागद माझ्या हातात दिला. मी ड्रॉइंगचा मोबाईलवर काढलेला फोटो त्याला पाठवला. तो त्याने उघडला तरी का, देव जाणे.

आता तो क्षण. हा आठवला की अजून झोप उडते. निघताना मी विचारलं, "ट्युनिंग 34लाच येईल ना?" तो म्हणाला, "ट्युनिंगचं टेन्शन नका घेऊ दादा, गाडी देताना मोबाईलवरून करून देतो." मोबाईलवरून! बॉक्सचं ट्युनिंग लाकडात असतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की हूं असा एकच सूर निघतो ना, तोच प्रकार. आतली हवा स्प्रिंगसारखी, पोर्टमधली हवा त्या स्प्रिंगवरचं वजन. एकदा आकार आणि पोर्टची लांबी ठरली की सूर ठरला, मग इक्वलायझरची, म्हणजे जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची, बटणं दाबून तो हलत नाही. हे मला ठाऊक होतं. माणूस इक्वलायझरबद्दल बोलतोय हे मला त्याच सेकंदाला कळलं होतं. आणि मी हसून "बरं" म्हणालो, कारण अ‍ॅडव्हान्स गेला होता आणि दुकानात चार पोरं उभी होती. तुमच्यावर ही वेळ आली तर अ‍ॅडव्हान्स सोडा आणि चालू पडा.

दुसरा क्षण गाडी घ्यायला गेलो तेव्हाचा. पोरगं काळं कार्पेट चढवलेला बॉक्स एका हातात उचलून आलं. 18 मिलीमीटर एमडीएफचा माझ्या मापाचा नुसता खोका 15 किलोच्या आसपास भरतो, वर सबवूफर. लहान दिसतोय म्हटल्यावर उत्तर तयार होतं: "डिकी मोकळी राहावी म्हणून आटोपशीर केला." मी थँक्यू म्हणालो. हो, थँक्यू.

पहिला आठवडा मी खूश होतो, हेही कबूल करतो. ढोलाचा ठोका छातीत बसायचा. चुकीचा बॉक्स असाच फसवतो. 50 हर्ट्झच्या आसपास तो धपधप जोरात मारतो आणि कानाला वाटतं पैसे वसूल. खालचे सूर आले की पोर्टमधून फुसफुस यायची. बाराव्या दिवशी जळका वास आला आणि कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) जागेवर घट्ट बसला.

स्क्रू काढले. आत 12 मिलीमीटरचा भुशाचा बोर्ड, जोडांना नुसत्या पिना, सिलिकॉन नावालाही नाही. बाहेरून 50 बाय 35 बाय 27 सेंटिमीटर. पोर्ट म्हणजे प्लंबरकडचा 3 इंची पीव्हीसी पाइप, कापून जेमतेम 4 इंच. निव्वळ हवा साधारण 34 लिटर. गणित मांडलं तर ट्युनिंग 50 हर्ट्झच्या वर. पोर्टेड बॉक्समध्ये ट्युनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो आणि त्यामागची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आपटते. सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारी सोय, असता तर थोडा वाचला असता. अ‍ॅम्पवर त्याचं बटण होतं, आत त्याला काही जोडलेलंच नव्हतं.

अ‍ॅम्पवर 1200 वॅट छापलंय. फ्यूज 15 अँपिअरचे दोन. 30 गुणिले 14, म्हणजे 420 वॅट तो बॅटरीकडून ओढणार, बाहेर त्याहून कमीच देणार. फ्यूज बघायला दहा सेकंद लागतात, दुकानातच बघा. "4 गेज कॉपर" वायर नखाने खरवडली तर आत पांढरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, तो नव्हताच. गाडी पेटली नाही हे नशीब.

सबवूफरवरचा सीरियल नंबर कंपनीच्या कस्टमर केअरला सांगितला. असा नंबर आमच्याकडे नाही, आणि अधिकृत डीलरकडून घेतला नसेल तर काही करता येणार नाही, असं उत्तर आलं. म्हणजे माझे तीन आठवड्यांचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस (स्पीकरचे आकडे, ज्यांवर बॉक्सचं गणित बसतं) सगळे दुसऱ्याच स्पीकरचे. बॉक्स माझ्या मापाचा मिळाला असता तरी उपयोग शून्य. सीरियल नंबर पैसे देण्याआधी तपासा, माझ्यासारखा नंतर नको.

दुकानदार म्हणाला, "तुम्ही जास्त वाजवलात, कॉइल जळाली. जळक्याला वॉरंटी नसते."

मग चौकी. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी "दुकान आमच्या हद्दीत नाही". तिसऱ्या दिवशी दुसऱ्या चौकीत "बिल?" मी ड्रॉइंगची मागची बाजू दाखवली. त्यावर ना दुकानाचं नाव, ना शिक्का. त्यांनी कागद उलटा केला, पोर्टचं चित्र बघितलं आणि विचारलं, "हे काय, गॅसची टाकी?" समजावलं. तर म्हणे ही दिवाणी बाब आहे, आणि डिकीत एवढा मोठा आवाज कशाला हवा, तुमच्यावरच ध्वनिप्रदूषणाची केस करू का? शेजारचे दोघे हसले. मी चोर नाही हो, तीन अर्ध्या रजा टाकून आलेला माणूस आहे! बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकला, व्यवहार यशस्वी. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, 19 दिवसांनी मेसेज आला: समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. समोरच्याने प्रतिसाद दिला असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? एकाही ठिकाणी कुणी त्या दुकानात एक फोनसुद्धा लावला नाही.

घरी मी 18,000 सांगितले होते. आता खरा आकडा कळलाय, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

18 टक्के वाचवू नका. ते 6,192 रुपये झाले असते आणि आज हातात शिक्का असता. बॉक्स बनताना सुताराकडे स्वतः जा, कार्पेट चढवायच्या आधी टेप लावा, आतून टॉर्च मारा. नाही म्हणाला तर गाडी बाहेर काढा.

काल जिल्हा ग्राहक आयोगात घालायच्या तक्रारीचे कागद केले. दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यूपीआयच्या 15,000चा स्क्रीनशॉट, उघडलेल्या खोक्याचे फोटो, आणि तो ग्राफपेपर. झेरॉक्सवाल्याने कागद काचेवर ठेवत विचारलं, "कुठली बाजू काढू?"

दोन्ही, म्हटलं.